पावसातच का करपते हिरवळ?

ऑगस्ट सरत आला की मुंबई, ठाणे, पनवेल, रत्नागिरी, पणजी अशा किनारी शहरांतल्या बागांमधून एकच दृश्य दिसू लागते. मे महिन्यात पाइपच्या पाण्यावर कशीबशी तगलेली हिरवळ पहिल्या सरींबरोबर तरारून उठते, जूनभर डोळ्यांचे पारणे फेडते आणि नेमकी श्रावणात, म्हणजे अवघी सृष्टी हिरवी झालेली असताना, ठिकठिकाणी पिवळी पडून कुजू लागते. आज ताटाएवढा दिसणारा चट्टा आठवड्याभरात परातीएवढा होतो. मधल्या उघड्या मातीवर शेवाळ धरते, कडेने लव्हाळा डोके वर काढतो. मग गृहनिर्माण संस्थेच्या सभेत माळी बदलावा की गवत बदलावा यावर खल होतो. अलीकडे तिसराही एक पर्याय पुढे येतो. तो म्हणजे गवताची कटकटच नको, हिरव्या प्लास्टिकचा गालिचा अंथरून मोकळे व्हावे.

या ठरावाला हात वर करण्यापूर्वी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे. पाणी भरपूर आहे, उन्हाचा चटका नाही, मग गवताला झाले काय? माळ्याला दोष देणे सोपे आहे. कधीकधी तो त्याचा असतोही. परंतु बहुतेक वेळा दोष असतो तो हिरवळ या कल्पनेचा आणि किनारपट्टीच्या हवेचा मेळ न बसण्याचा.

आखीव-रेखीव, गालिच्यासारखी कापलेली हिरवळ ही मुळात इंग्लंडच्या हवेची देणगी होय. लंडनमध्ये वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बाराही महिन्यांत थोडा थोडा विभागून. ऐन जुलैत दिवसाचे तापमान सरासरी २३-२४ अंश आणि रात्रीचे १४ अंशांच्या आसपास असते. अशा हवेत गवत फारशी मेहनत न घेता वाढते. १८३० मध्ये एडविन बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र शोधल्यावर तर सरदार-उमरावांच्या वाड्यांभोवतीची ही हौस मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आली. पुढे साहेबाबरोबर ती हिंदुस्थानातील बंगल्यांच्या, जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या आवारात शिरली. साहेब गेला, हिरवळ राहिली. मुंबईत मात्र दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने आकाश कोरडेच. म्हणजे एकाच जमिनीने चार महिने दलदल आणि आठ महिने दुष्काळ सोसायचा. त्यात मेमध्ये रात्रीचा पारा सरासरी २७ अंशांच्या आसपास असतो आणि पावसाळ्यातही तो २५ अंशांच्या आसपास राहतो.

हा रात्रीचा पारा महत्त्वाचा आहे. वनस्पती दिवसा सूर्यप्रकाशात साखर कमावते आणि रात्रंदिवस श्वसनात ती खर्च करते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा खर्च ढोबळमानाने दुप्पट होतो. लंडनच्या रात्रीत जे गवत मितव्ययी असते, ते मुंबईच्या रात्रीत उधळे होते. शिवाय केंटकी ब्लूग्रास, राय, फेस्क्यू ही थंड प्रदेशातील गवते ज्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात, तीत एक उणीव आहे. कर्बवायू पकडणारे त्यांच्या पानातील विकर हवा तापली की चुकून प्राणवायूच अधिक पकडू लागते आणि कमाई आणखी घटते. उत्पन्न कमी, खर्च दुप्पट! परदेशाहून हौसेने आणलेले गवताचे बी कोकणात उगवते आणि काही आठवड्यांतच विरळ होत नाहीसे होते, त्यामागे हा हिशेब आहे.

उष्ण प्रदेशातील गवतांनी यावर तोड काढलेली आहे. ऊस, ज्वारी, मका यांच्याप्रमाणेच त्यांच्या पानांत कर्बवायू साठवून विकरापाशी पोहोचवणारी एक जादा यंत्रणा असते. वनस्पतिशास्त्रात या वर्गाला ‘सी-४’ म्हणतात. आपली दूर्वा, म्हणजेच हरळी, याच वर्गातली. जगभर तिला ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून ओळखतात. पण बर्म्युडा बेटांशी तिचा मूळ संबंध नाही, ती जुन्या जगातलीच आहे. रोपवाटिकांमधून ‘सिलेक्शन वन’ या नावाने जे बारीक पानाचे गवत विकले जाते, तीही हरळीचीच निवडक जात. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी वाहायची, शेतात तीच उगवली तर कुळव आणि खुरपे घेऊन तिच्या मागे लागायचे आणि बागेत मात्र तिच्यासाठी पैसे मोजायचे, असा या एका गवताशी आपला तिहेरी व्यवहार आहे! हरळीची मुळी ज्याने शेतातून काढली आहे, त्याला ती बागेत मरते हे सांगूनही पटायचे नाही.

तरीही ती मरते आणि याचे पहिले कारण पाऊस नसून ढग आहेत. सी-४ गवतांची ती जादा यंत्रणा फुकट चालत नाही. तिला लागणारी शक्तीही उन्हातूनच यावी लागते. म्हणून ही गवते उन्हाची विलक्षण भुकेली असतात. दिवसाला सहा तास थेट ऊन ही हरळीची किमान गरज मानली जाते. मुंबईत मे महिन्यात रोज नऊ तासांहून अधिक ऊन असते. जुलै-ऑगस्टमध्ये ते सरासरी जेमतेम अडीच तासांवर येते. म्हणजे ज्या दिवसांत गवत आपल्याला सर्वांत सुखी वाटते, त्याच दिवसांत ते अर्धपोटी असते. जूनमधली तरारी ही मे महिन्यात साठवलेल्या पुंजीवरची असते. ती पुंजी जुलैअखेर संपते. पाते लांब, पातळ आणि फिके होते, मुळे आखडतात. अशा वेळी आपण काय करतो? गवत पिवळे दिसते म्हणून मूठमूठ युरिया फेकतो. गवत दोन दिवस हिरवे होते, त्याची पाने आणखी लुसलुशीत होतात आणि रोगाला आयतेच आमंत्रण मिळते. उरलेला युरिया पुढच्या सरीबरोबर गटारात.

दुसरे कारण हवेतील ओलावा. माणसाला मुंबईत घाम येतो पण वाळत नाही, म्हणून उकडते. गवताचेही असेच आहे. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाणी बाष्परूपाने बाहेर पडते तेव्हा पान थंड राहते आणि त्याच ओढीने मुळांकडून अन्नद्रव्ये वर चढतात. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर ही ओढ मंदावते. पुण्याच्या कोरड्या हवेत मेची दुपार ३७ अंशांची असूनही तेथील हिरवळ मुंबईपेक्षा सुदृढ दिसते, कारण तिथे पाते घाम गाळू शकते आणि रात्री पारा २२-२३ अंशांपर्यंत उतरत असल्याने त्याला विसावाही मिळतो. किनाऱ्यावर पारा चढण्याची मर्यादा कमी. पण सुटकाही नाही.

आणि तिसरे कारण बुरशी. रात्रीचे तापमान वीस अंशांच्या वर आणि पान सलग दहा-बारा तास ओले, एवढ्या दोन गोष्टी रायझोक्टोनिया आणि पिथियम या बुरश्यांना पुरतात. कोकणातील पावसाळ्यात या अटी एखाद्या रात्री नव्हे, शंभर रात्री पुऱ्या होतात. भातावरचा पर्णकोष करपा ज्या रायझोक्टोनियामुळे होतो, तिच्याच जातकुळीतली बुरशी हिरवळीवर तपकिरी वर्तुळे उमटवते. पिथियमचा हल्ला अधिक त्वरेचा. संध्याकाळी तेलकट, काळपट दिसणारा पट्टा सकाळी चिकट होऊन आडवा पडलेला असतो आणि पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेने तो पसरतो. उपाशी गवताला कर्व्ह्युलेरियासारख्या, एरवी दुबळ्या समजल्या जाणाऱ्या बुरश्याही गाठतात. बुरशीनाशकाचा फवारा काही दिवस उपयोगी पडतो. पण पाणी साचतच राहिले तर पंधरवड्यात पुन्हा तोच खर्च. थंड देशांत हिवाळा रोगजंतूंचा आणि किडींचा भार बराच हलका करतो. आपल्या किनाऱ्यावर अशी सुटी कुणालाच नाही, ना गवताला, ना बुरशीला, ना हुमणीला, ना लष्करी अळीला.

पैसा ओतला म्हणजे हे सगळे निभावते असे मानणाऱ्यांनी सिंगापूरची हकिगत ध्यानात घ्यावी. तेथील नवे राष्ट्रीय क्रीडागार २०१४ मध्ये सुरू झाले. वर सरकते छप्पर, खाली नैसर्गिक गवताला कृत्रिम धाग्यांची जोड दिलेले आधुनिक मैदान. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्राझील आणि जपान यांच्यात झालेल्या सामन्यात नेमारने चार गोल केले खरे, पण त्या मैदानाची वाळू दिसणारी ठिगळेही तितकीच गाजली. प्रशिक्षक दुंगा यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. भव्य छपरामुळे गवताला पुरेसे ऊन मिळत नव्हते. अखेर २०१५ मध्ये ते मैदान बदलावे लागले आणि प्रकाशासाठी दिव्यांची सोय करावी लागली. याउलट कोलकात्याचे उदाहरण. हवा तितकीच दमट. तेथील सॉल्ट लेक स्टेडियममधले कृत्रिम गवत काढून २०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकापूर्वी नैसर्गिक गवत लावण्यात आले आणि २८ ऑक्टोबर रोजी, पावसाळा नुकताच सरलेला असताना, त्यावर अंतिम सामना पार पडला. दमट हवेत हिरवळ अशक्य नाही. मात्र माथ्यावर मोकळे आकाश आणि पायाखाली पाणी झिरपणारी जमीन या दोहोंना पर्याय नाही.

जमिनीचा विषय घरगुती बागेत सर्वांत दुर्लक्षित राहतो, कारण तो गवताखाली झाकला जातो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस मुंबईला नवा नाही. एवढा पाऊस एका गुंठ्यावर पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी झाले. हे पाणी खाली आणि बाजूला वाहून गेले नाही तर मातीतील हवेची जागा ते घेते आणि मुळे गुदमरतात. इमारतीच्या आवारात बहुधा बांधकामाचा राडारोडा, त्यावर विटांचे तुकडे आणि वर वीतभर लाल माती असा थर असतो. ट्रकच्या चाकांनी तो आधीच दाबला गेलेला असतो. त्यावर रोपवाटिकेतून आणलेल्या गवताच्या तयार चटया अंथरल्या जातात. या चटया बहुधा चिकण लाल मातीवर वाढवलेल्या असतात. खाली उत्तम वाळू-माती घातली तरी वर हा चिकण थर बसतो, पाणी त्याच्यावरच थबकते, आणि मुळे त्या दोन बोटे जाडीच्या मातीतच गोल फिरत राहतात. पहिल्या दिवशी बाग सुंदर दिसते. कंत्राटदाराचे बिल निघते. पहिल्या पावसाळ्यात चटई उचलून पाहावी, बहुतेक ठिकाणी ती पायपुसण्यासारखी अलगद उचलली जाते.

चटईपेक्षा मुळ्या टोचून हिरवळ धरवणे संथ असले तरी दमट हवेत अधिक शहाणपणाचे आहे. जमीन फूटभर खणून, दगड-विटा काढून, वरच्या वीतभर थरात जाड वाळू आणि चांगले कुजलेले खत मिसळावे. वाळू जाडच हवी. क्रशरची असल्यास तिच्यातील पीठ धुऊन काढावे, नाहीतर सिमेंटसारखा गठ्ठा बनतो. खाडीची वाळू क्षारांमुळे नकोच. दर शंभर फुटांना एक ते दोन फूट उतार आणि उताराच्या टोकाला चर ठेवावा. कोकणातील जांभ्याची माती आम्ल असते, अतिवृष्टीने तिच्यातील चुना आणि पालाश धुऊन गेलेले असतात. मातीचा सामू तपासून चुना किंवा डोलोमाइट घालता येते. हे काम दिसत नाही, त्याचे छायाचित्रही चांगले येत नाही. पण हिरवळीसाठी ठेवलेल्या पैशातले निम्मे इथेच खर्चावेत, असे मला वाटते.

गवताची निवड करताना रोपवाटिकेतील नावांवर विसंबू नये. ‘मेक्सिकन’ किंवा ‘कोरियन’ म्हणून विकले जाणारे गवत बहुतेक वेळा झॉयशिया या पूर्व आशियातील वंशाचे असते. ते दाट, मऊ आणि सावकाश वाढणारे आहे, थोडी सावलीही सोसते. मात्र वेळेवर कापले नाही की त्याचे उंचवटे होतात आणि खाली वाळक्या देठांची गादी साचते, जी पावसात स्पंजासारखी ओली राहते. हरळीला तुडवणे चालते, सावली चालत नाही. झाडाखाली किंवा दोन इमारतींच्या मध्ये ॲक्सोनोपस हे रुंद पानाचे गवत त्यातल्या त्यात टिकते. दिसायला ते भरड, पण पावसाशी त्याचे पटते. बोअरवेलचे पाणी मचूळ असेल तर पास्पॅलम व्हजायनॅटम या समुद्रकाठच्या गवताचा विचार करावा.

तणांचे काय? टाकळा, आंबुशी, दुधी, लाजाळू ही मंडळी पहिल्या सरींबरोबर हजर होतात. टाकळा कोवळा असताना उपटून त्याची भाजी करावी, एवढेच त्याबाबत सांगता येईल. खरा वैरी लव्हाळा. तो वरून उपटला की पाते हातात येते आणि जमिनीखालच्या गाठींची माळ तशीच राहते, उलट एकेक गाठ नव्याने फुटते. लव्हाळा प्रामुख्याने जिथे गवत विरळ आणि जमीन ओली, तिथेच बोकाळतो. म्हणून तो रोग नव्हे, लक्षण समजावे.

पावसाळा संपला की गणित उलटते. कोरड्या दिवसांत हिरवळीतून रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी उडून जाते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तेव्हा एका गुंठ्याच्या हिरवळीला दिवसाला सुमारे ५०० लिटर पाणी लागते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे नियोजनाचे प्रमाण आहे. म्हणजे एक गुंठा हिरवळ जवळजवळ चार माणसांचे पाणी पिते. टँकरने पाणी आणणाऱ्या वसाहतीत पिण्याचे पाणी गवताला घालणे अक्षम्य आहे. मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी वापरता येते, मात्र त्यातील क्षार मातीत साठू नयेत यासाठी निचरा इथेही आडवा येतो. पाणी सकाळी द्यावे. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर पानावर राहते आणि पावसाळ्यात निसर्गाने केलेली चूक आपण हिवाळ्यातही सुरू ठेवतो.

मग प्लास्टिकचे गवत का नको? कारण त्याला घाम येत नाही. जिवंत गवत बाष्प सोडून स्वतःला आणि आसपासच्या हवेला थंड ठेवते. कृत्रिम गवताचा पृष्ठभाग भर उन्हात साठ अंशांच्याही वर तापू शकतो. मे महिन्याच्या सुटीत मुले अनवाणी खेळतात ती याच्यावर. त्याचे तुटलेले तंतू पावसाबरोबर गटारात आणि तेथून खाडीत जातात, पाणी जिरण्याची जागा बुजते आणि काही वर्षांनी तो संपूर्ण गालिचा कचऱ्यात टाकावा लागतो. नुसती उघडी माती हाही पर्याय नव्हे. शिवाजी पार्कच्या लाल धुळीने त्रासलेल्या रहिवाशांना हे वेगळे सांगायला नको. तेथे तुषार सिंचनापासून गवत लावण्यापर्यंत अनेक उपाय झाले, पण रोज हजारो पावलांखाली येणारे मैदान विश्रांतीवाचून हिरवे राहू शकत नाही. हरळीसुद्धा तुडवल्यावर भरून येण्यासाठी काही आठवडे मागते.

यातून निघणारा मार्ग थोडा कमीपणाचा वाटेल. हिरवळीचे क्षेत्रच आवरते घ्यावे. जिथे सहा तास ऊन नाही तिथे गवताचा हट्ट सोडून सावलीत रमणारी जमिनीलगतची झाडे लावावीत. उंच इमारतींच्या पोडियमवर, स्लॅबवरच्या वीतभर मातीत, दोन टॉवरच्या सावलीत हिरवळ मागणे म्हणजे माळ्याकडे चमत्कार मागणे होय. उरलेल्या उन्हाच्या तुकड्याचे दोन भाग करून आलटून पालटून विश्रांती द्यावी. आणि वर्षभर एकसारखा हिरवा रंग दिसलाच पाहिजे हा आग्रह थोडा सैल करावा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सड्यांवर जांभ्याच्या कातळावर बोटभर मातीत निसर्ग स्वतःची हिरवळ धरतो. चार महिने ती गवत-फुलांनी झुलते आणि दिवाळी उलटली की सोनेरी होऊन वाळते. तिथे कुणी सभा बोलावत नाही.

पावसाळ्यात कापणीची उंची अर्ध्या इंचाने वाढवावी, म्हणजे मिळेल तेवढे ऊन टिपायला पान अधिक राहते. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, ओले गवत कापू नये, यंत्राचे पाते धारदार ठेवावे. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते आणि फाटलेल्या टोकातून बुरशी शिरते. नत्र अगदी थोडे, विभागून द्यावे. पालाश मात्र पावसाआधी द्यावे.

ज्यांच्या बागेत आज चट्टे पडले आहेत, त्यांनी गणपती होईपर्यंत काही करू नये. मेलेले गवत तेवढे गोळा करून बाहेर टाकावे, खतखड्ड्यातही नको. सप्टेंबरअखेर ऊन परतते आणि जमिनीत ओल असते. किनारपट्टीवर हिरवळ दुरुस्त करण्याचा तोच उत्तम काळ. दाताळ्याने वाळक्या देठांची गादी ओरबाडून काढावी, टोकदार पहारीने वीतभर अंतरावर बोटभर खोल भोके पाडावीत, त्यांत जाड वाळू भरावी आणि शेजारच्याच निरोगी हरळीच्या मुळ्या चार-चार बोटांवर टोचाव्यात. सहा ते आठ आठवड्यांत त्या एकमेकींना मिळतात. तोपर्यंत त्या कोपऱ्यात क्रिकेट नको.